पागा आणि वाडा

मराठेशाहींतील सरदारांच्या खेड्यांतील वाड्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दरवाजाची कमान, नगारखाना, दिवाणखान्यांतील सुरूदार खांब, भिंतींवरील चित्रें, तळघरें आणि भुयारें यांचीं वर्णनें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. परंतु या वर्णनांत एक मोठी जागा बहुधा कोरी राहते. वाड्याच्या मागें किंवा बाजूस, गांवकुसाला लागून, एक प्रशस्त मोकळें आवार असे. तेथें घोडीं बांधीत. त्याचा उल्लेख झालाच तर 'मागें घोड्यांची पागा होती' एवढ्या एका वाक्यांत तो संपतो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. वाडा होता म्हणून पागा आली असें पुष्कळ ठिकाणीं घडलेलें नाहीं. आधीं पागा होती, तिच्या बळावर घराण्यास सरंजाम मिळाला आणि सरंजामाच्या उत्पन्नांतून वाडा उभा राहिला. तेव्हां वाड्याचा इतिहास लिहूं पाहणारानें प्रथम त्या मोकळ्या आवाराकडे वळलें पाहिजे.

हें आवार नजरेंतून निसटतें याचें एक कारण शब्दांतच दडलें आहे. 'पागा' हा फारशी 'पायगाह' या शब्दाचा मराठी अवतार असून त्याचा मूळ अर्थ पाय ठेवण्याची, उभें राहण्याची जागा. हैदराबादेकडील 'पायगा' अमिरांचें नांवही त्याच शब्दावरून पडलें. 'तबेला' अरबी 'तवीला' या शब्दावरून आला आणि तवीला म्हणजे जनावरें ओळीनें बांधण्याची लांब दोरी. आपला देशी शब्द 'दावण' तोही दोरीचाच. यांपैकीं एकाही शब्दांत छप्पर किंवा भिंत नाहीं. घोडीं उघड्यावर, आगाडी-पिछाडी घालून, मेखांस बांधलेलीं असत. पावसाळ्यापुरते गवताचे मांडव घालीत आणि ऋतु संपला कीं ते मोडीत. अशा जागेचे अवशेष काय राहणार? कोठें एखादी दगडी गव्हाण, कोठें भिंतींतलें लोखंडी कडें, एखादा हौद, एक बारव. बारव मात्र महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढें येऊं.

शिवछत्रपतींच्या वेळची पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे. ही बखर इ. स. १६९७ मध्यें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली. तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पांच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असा क्रम दिला आहे. अभ्यासक ही उतरंड नेहमीं उतरून घेतात. तिच्या शेजारचीच एक गोष्ट बहुधा सोडून देतात. ती अशी कीं दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. आमच्या दृष्टीनें खरी पागा येथें दिसते. एक घोडें दिवसास तीस-चाळीस लिटर पाणी पितें असें धरलें तर पंचवीस घोड्यांस साडेसातशें ते हजार लिटर पाणी रोज लागावयाचें, आणि जुमल्यास त्याच्या पांचपट. इतकें पाणी डोक्यावरच्या घागरींनीं पुरवितां येत नाहीं. त्यास पखालीचा बैल पाहिजे, आणि बैलाच्या फेऱ्या होतील इतक्या जवळ पाणीही पाहिजे. जुन्या वाड्याजवळ गांवाच्या पिण्याच्या गरजेपेक्षां मोठी अशी बारव किंवा हौद दिसला, तर तो कोणाच्या धर्मकृत्याचा म्हणून सोडून न देतां तेथें घोडीं किती होतीं हा प्रश्न विचारावा.

त्या काळीं स्वारांचे दोन वर्ग असत. ज्यास सरकारचें घोडें तो बारगीर. ज्याचें घोडें व हत्यार स्वतःचें तो शिलेदार. फारशींत 'बारगीर' म्हणजे ओझें वाहणारें जनावर. तोच शब्द मराठींत स्वारास कसा लागला हें भाषाभ्यासकांनीं पाहावें. महाराजांचा भर पागेवर, म्हणजे बारगिरांवर होता, आणि शिलेदारांस पागेच्या हुकमतींत राहावें लागे असें सभासद म्हणतो. याचें कारण उघड आहे. ज्याचें घोडें त्याचें मन. घोडें स्वतःचें असलें कीं स्वार तें जपून वापरणार, रणांत पुढें घालतांना दोनदां विचार करणार. पुढें पेशवाईंत शिलेदारांचा भरणा वाढला तेव्हां घोडें लढाईंत पडल्यास त्याची किंमत सरकारांतून भरून देण्याची वहिवाट ठेवावी लागली, ती याच अडचणीवरचा तोडगा होय. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२८ च्या आपल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथांत या वहिवाटीचा विचार केला आहे.

पागेचें वर्ष दसऱ्यास सुरू होई. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणींत. तेथें दाणा, वैरण, औषधें आणि घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेले निवारे यांची तयारी आधींच करून ठेवीत. दसऱ्यास घोडीं बाहेर पडत, आठ महिने मुलूखगिरी होई आणि वैशाखांत तीं परत येत. या चार महिन्यांची काळजी किती मोठी होती तें चिपळूणजवळ दळवटणें येथील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस महाराजांनीं पाठविलेल्या पत्रावरून कळतें. हें पत्र राजवाड्यांनीं प्रसिद्ध केलें असून तें राज्याभिषेकाच्या लगतच्या आधींच्या काळांतलें आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये या अर्थानें तें आज सर्वांच्या तोंडीं झालें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु पत्र मुळांत पागेविषयीं आहे. दाणा व गवत आज बेहिशेबी उधळाल तर भर पावसांत मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्हीं कुणब्यांच्या घरांत शिराल आणि त्यांस मोगल बरे वाटतील, असा त्याचा ओघ आहे. रयतेचें रक्षण हा या पत्राचा निष्कर्ष आहे. गवताची गंजी हें त्याचें प्रमेय आहे. पुढें आगीचा इशारा येतो. गवताजवळ चूल किंवा चिलीम नको, रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि एका गंजीबरोबर सारी पागा जळेल. छत्रपतींनीं उंदराचा विचार करावा याचें कोणास नवल वाटेल. पण हिशेब करून पाहावा. लहान चणीच्या घोड्यास रोज सहा किलो वाळली वैरण धरली, तर एका जुमल्याच्या १२५ घोड्यांस दिवसाला ७५० किलो आणि चार महिन्यांस ९०,००० किलो लागते. एवढें गवत एकदां जळालें तर आषाढांत कोंकणांत दुसरें वाळलेलें गवत कोठून आणावयाचें?

घोडीं येत कोठून, हा पुढला प्रश्न. दक्षिणेंत उत्तम घोडें समुद्रावाटे येई. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला. जुन्नरास तेथील खानानें तो हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतों म्हणून अट घातली; मोठ्या मिनतवारीनें घोडा सुटला आणि पुढें बिदरास विकला गेला. परमुलुखांतल्या एका व्यापाऱ्याचें एक जनावर सुभेदारास इतकें मोलाचें वाटावें यांतच त्या काळच्या बाजाराची सारी हकीकत आली. घोड्यांस वाटाण्यासारखें कडधान्य आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात असेंही तो लिहितो. सोळाव्या शतकांत गोवें घेतल्यावर पोर्तुगीजांनीं हा व्यापार मुठींत ठेवला आणि विजयनगर व विजापूर या दोहोंसही घोड्यांसाठीं त्यांच्याकडे पाहावें लागलें.

मराठ्यांचें मोठें बळ मात्र या महागड्या जनावरांत नव्हतें. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत, ज्या मुलुखास भीमथडी हें नांव आहे व ज्याच्या नांवाचा तालुकाही पुणें जिल्ह्यांत होता, तेथें अरबी व तुर्की रक्ताचा देशी तट्टांशीं संकर होऊन एक ठेंगणी, काटक जात तयार झाली. कमी पावसाचें पठार, कडक भुई, मारवेल-पवन्यासारखीं गवतें आणि जोंधळ्याचा कडबा यांवर ती वाढली. खूर कठीण, खाणें थोडें, दौड लांबची. गनिमी काव्यास याहून वेगळें काय पाहिजे? तोच खूर कोंकणच्या चिखलांत कुजतो, म्हणून चिपळूणच्या छावणीची महाराजांस एवढी चिंता. ही जात नामशेष झाली असें पुष्कळ दिवस लिहिलें जात असे. तें खरें नव्हतें. पुणें, सातारा, सोलापूर, सांगली व अहिल्यानगर या जिल्ह्यांत मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचें ओझें वाहत ती टिकून होती, आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें इ. स. २०२३-२४ च्या सुमारास तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. सरदारांच्या पागा गेल्या आणि त्यांचें बीज धनगरांनीं राखलें. वाड्यांचा इतिहास लिहितांना हें ऋण नमूद करणें अवश्य आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे. ज्या घराण्यांचे वाडे आज आपण पाहावयास जातों त्यांपैकीं दोन अगदीं मोठ्या घराण्यांचा आरंभ पागेंतला आहे. मल्हारराव होळकर (जन्म १६९३) हे नीरेकांठच्या होळ गांवचे. बालपण खानदेशांत तळोदें येथें मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेलें. मामाची लहानशी पागा कदम बांडे यांच्या दिमतीस होती, आणि तींत स्वार म्हणून मल्हाररावांचा पहिला प्रवेश झाला असें परंपरा सांगते. कण्हेरखेडचे राणोजी शिंदे हे बाळाजी विश्वनाथांच्या पागेंतील बारगीर होते असें ग्रँट डफ (१८२६) म्हणतो. पेशव्यांचे जोडे उराशीं धरून झोपलेल्या राणोजीची जी गोष्ट माल्कमनें सांगितली ती वाचकांस फार आवडते. परंतु तींतून राणोजींचा स्वभाव कळला तरी उत्कर्षाचें कारण कळत नाहीं. बारगीर होता, घोडें ओळखीत होता, माणसें व घोडीं जमवूं शकत होता, हें कारण होय.

या दोन घराण्यांचे देशावरील वाडे म्हणजे वाफगांव आणि जामगांव. खेड तालुक्यांतील वाफगांवचा होळकरांचा वाडा भुईकोटाच्या धर्तीचा, बुरूज-तटाचा. १७७६ सालीं यशवंतराव होळकरांचा जन्म येथें झाला. पुढें या वास्तूंत रयत शिक्षण संस्थेची शाळा भरूं लागली. पारनेर तालुक्यांतील जामगांवास महादजी शिंद्यांचा वाडा आहे. दोन्हीं ठिकाणीं पाहणाराचें लक्ष तट व महाल यांकडे जातें. परंतु तट एवढा मोठा कां? घरांतल्या माणसांसाठीं एवढें आवार लागत नाहीं. माणसाच्या चौकाचें माप आणि घोड्याच्या दावणीचें माप हीं निरनिराळीं आहेत, आणि अशा वास्तूंत तटाच्या आंतील मोकळी जागा दावणीच्या मापानें मोजून पाहावी असें आम्ही सुचवितों. दोन मेखांमधील अंतर, पिछाडीची जागा आणि मधली वाट धरून त्या आवारांत किती घोडीं उभीं राहतील याचा अंदाज निघतो, आणि तो सनदेंतल्या आंकड्याशीं ताडतां येतो. दोहोंचा मेळ बसेलच असें नाहीं. सरंजामाच्या कागदांतले स्वार आणि प्रत्यक्ष हजेरीचे स्वार यांत अंतर असे, हें सर्वांस ठाऊक आहे. तें अंतर किती, हें मात्र जमीन सांगूं शकेल.

येथें आमच्या संग्राहक मित्रांशीं थोडें स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. जुन्या घरांतून दफ्तर बाहेर पडतें तेव्हां शिक्क्याचें पत्र, सनद, महजर, एखादें थोर पुरुषाच्या हातचें अक्षर हीं आधीं वेगळीं होतात. मागें राहतात ते लांब, किड्यांनीं खाल्लेले, कंटाळवाण्या मोडींतले हिशेबाचे बंद. त्यांत दाणा-चंदी, वैरण, नाल, मेख, तोबरा, खोगिराची दुरुस्ती, घोड्याचा मसाला, मोतद्दारांचे रोजमुरे असें सारें लिहिलेलें असतें. हे बंद कोणी विकत घेत नाहीं आणि म्हणून कोणी जपतही नाहीं. रुमाल फुटला कीं पत्र एकाच्या संग्रहीं, हिशेब रद्दींत. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापले. त्या प्रचंड दफ्तरांतही राजकारणाच्या पत्रांच्या मानानें हिशेबाचे रुमाल फारच थोड्यांनीं सोडले आहेत. सरकारी दफ्तर निदान एका छपराखालीं आहे. घरोघरच्या दफ्तरांस तें भाग्य नाहीं.

या कागदांत सर्वांत मोलाचे ते चेहरेपट. घोड्यास डाग देऊन त्याचें वर्णन लिहून ठेवण्याची चाल अलाउद्दीन खिलजीनें बसविली आणि हजेरीच्या वेळीं घोडा बदलून लबाडी होऊं नये म्हणून ती दक्षिणेंतही उपयोगी पडली. अशा पटांत रंग येतो : कुमाईत, अबलख, नुकरा, सबजा, सुरंग, मुशकी, समंद, पंचकल्याणी, आणि त्याबरोबर भोवऱ्याची जागा, देवमण आहे कीं नाहीं, वय आणि किंमत. शुभाशुभ भोवऱ्यांवर आमचा विश्वास असण्याची गरज नाहीं. पण खरेदी करणाराचा होता, आणि त्यामुळें किंमत चढे-उतरे. म्हणून तीं सदरें अर्थशास्त्राच्या अभ्यासकासही टाकून चालणार नाहीं. हे शब्द नीट लागावे यासाठीं शालिहोत्राच्या पोथ्या जवळ असाव्या. तंजावरच्या सरस्वती महालांत नकुलाचें अश्वशास्त्र सचित्र असून तें १९५२ सालीं छापून निघालें आहे. मराठींत 'सालोत्री' नांवाचीं जीं लहान लहान बाडें सांपडतात तीं वैद्यकाची किरकोळ पोथी म्हणून बाजूस सारूं नयेत. पागेंतल्या कारकुनाचा शब्दकोश तोच होता.

वाचनांतला एक घोटाळा येथें नोंदवून ठेवतों. 'नालबंदी' हा शब्द हिशेबांत आला कीं नाल मारण्याचा खर्च असा अर्थ कित्येक करतात आणि मग रक्कम पाहून चकित होतात. नालबंदी म्हणजे नोकरीवर निघण्यापूर्वीं शिलेदारास तयारीसाठीं दिलेली आगाऊ रक्कम. तसेंच 'घासदाणा' दिसला म्हणजे तो नेहमीं आपल्या घोड्यांचा खर्च नसतो. परमुलुखांतून वसूल केलेल्या खंडणीचेंही तें नांव आहे. एकाच शब्दानें एके ठिकाणीं जमा आणि दुसरे ठिकाणीं खर्च दाखविला जातो; सदर पाहिल्यावांचून बेरीज करूं नये.

जून १८१७ च्या पुणें करारानें पेशव्यांच्या खर्चानें इंग्रजांनीं जी स्वारांची फौज उभारली तिचें पुढें 'पूना हॉर्स' झालें. १८१८ नंतर सरदारांचे सरंजाम कोठें राहिले, कोठें कमी झाले, पण घोडीं ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. गंमत अशी कीं शिलेदारीची पद्धत इंग्रजांनीं आपल्या देशी रिसाल्यांत उचलली आणि ती पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत चालविली. म्हणजे वाड्यांतल्या पागा ओस पडल्यावरही शंभर वर्षें पद्धत जिवंत होती, फक्त धनी बदलला. मोकळीं आवारें मात्र राहिलीं नाहींत. कोठें गोठे झाले, कोठें वांटण्या होऊन घरें उठलीं. पुण्यांत खुद्द पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागेवर मुलींची शाळा आहे. संस्था १८८४ ची, आणि आज 'हुजूरपागा' म्हटलें कीं पुणेकरांस घोडीं आठवत नाहींत, मुली आठवतात. शिरूर तालुक्यांत आलेगांव पागा या गांवानें तर शब्द आपल्या नांवांतच जपला आहे.

एका घराण्याचीं घोडीं मात्र अजून वर्षाच्या ठरलेल्या वेळीं पागेंतून निघतात. चिकोडी तालुक्यांतील अंकली येथील शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षीं ज्येष्ठांत पायीं निघून सुमारें ३०० किलोमीटर चालत आळंदीस येतात आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीपुढें पंढरपुरापर्यंत जातात. एक माउलींचा, त्यावर कोणी बसत नाहीं. दुसऱ्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. पालखीची ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आरफळच्या हैबतबाबांनीं लावून दिली. हैबतबाबा पूर्वीं ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या चाकरींत होते, आणि शितोळ्यांचा शिंद्यांशीं शरीरसंबंध होता. महादजींची कन्या बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली. वारीचे भाविक रिंगणाकडे भक्तीनें पाहतात. आम्हांस त्यांत आणखीही कांहीं दिसतें. मोकळें मैदान, मधोमध निशाण, वर्तुळानें दौड, पुढें जरीपट्क्याचा स्वार आणि मागें रिकाम्या खोगिराचा धन्याचा घोडा, या मांडणीवर लष्करी छावणींतल्या माणसाचा हात फिरला आहे असें आमचें अनुमान आहे. लेखी पुरावा मिळेपर्यंत तें अनुमानच समजावें. अंकलीच्या घोड्यांच्या दाणा-वैरणीचे जुने हिशेब टिकले असतील तर वारीच्या इतिहासासही त्यांचा उपयोग होईल.

खेड्यांतून हिंडणाऱ्या अभ्यासकांस दोन गोष्टी सुचवितों. वाड्याचे नकाशे काढतांना भोंवतालच्या शेतांचीं व पाणवठ्यांचीं लोकांच्या तोंडचीं नांवें लिहून घ्यावीं. सात-बारावर गट क्रमांक आले आणि पागा, कुरण, घोड्याचें पाणी असलीं नांवें म्हाताऱ्या माणसांबरोबर जात आहेत. देवघरांतले टांकही पाहावे. खंडोबाचा घोड्यावर बसलेला टांक देशावर घरोघर असतो, त्यांत विशेष नाहीं. परंतु खंडेनवमीस व दसऱ्यास घरांत घोडें नसतां घोड्याच्या साजाची पूजा होत असेल, तर तो साज कोणाचा आणि केव्हांचा हें विचारावें. ज्यांच्या संग्रहीं पागेचे चेहरेपट असतील त्यांनीं मूळ कागद खुशाल आपल्यापाशीं ठेवावे. त्यांतील वर्णन, वय व किंमत हीं तीन सदरें, सुहूर सन आणि महिन्यासह, जशींच्या तशीं उतरून प्रसिद्धीसाठीं पाठवावीं. शब्द लागला नाहीं तर मोडी वळण तसेंच गिरवावें, आपल्या अंदाजानें बदलूं नये.